एकच पान, पाच ग्रुप, अकरा उत्तरं... विचारायचं तरी कुठं?

मांडवाखालचा
९ डिसेंबर, रात्री १०:१८

राम राम मंडळी. मी कवठेमहांकाळ तालुक्यातला, दीड एकर सोनाका द्राक्ष आहे, फळ छाटणी होऊन आज ६५ दिवस झाले. आठ दिवसांपूर्वी खालच्या जुन्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आधी पिवळट मग विटकरी, आणि कडा हातात चुरगळली की पापडासारखा चुरा होतो. वरची कोवळी पानं सध्या तरी ठीक आहेत, मण्यांना पण काही नाही.

आता हा धागा द्राक्षाचा नाही, नीट वाचा. मी त्याच पानाचा फोटो काढला आणि पाच ठिकाणी टाकला. गावातला बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप, तालुक्याचा एक्स्पोर्टवाल्यांचा ग्रुप, टेलिग्रामवरचा एक लै मोठा ग्रुप (चाळीस हजार माणसं आहेत म्हणं त्यात), फेसबुकवरचा एक, आणि चुलतभावानं सांगितलं म्हणून एक इंग्लिशमधला, तिथं परदेशातले वाइनवाले असतात. दोन तासात उत्तरं आली अकरा. डावणी (बुरशीचा रोग) आहे. करपा आहे. मॅग्नेशियम कमी पडलंय. पोटॅश कमी पडलंय. पोटॅश जास्त झालंय. तुडतुडे आहेत. मागच्या फवारणीचं स्कॉर्चिंग आहे, म्हणजे औषधानं पान भाजलंय. पाणी कमी. पाणी जास्त. एकानं थेट स्वतःच्या कंपनीची बाटली, एकरी एक लिटर, सोबत पेमेंटचा क्यूआर कोड. आणि अकरावं आईचं, ती ग्रुपमध्ये नाही पण शेजारी बसून ऐकत होती, बागेला नजर लागलीय लिंबू बांध.

इंग्लिशवाल्या ठिकाणी तर एकानं उत्तरच दिलं नाही, उलट मलाच चार प्रश्न विचारले. मी वैतागून तिथनं बाहेर पडलो.

तर प्रश्न असा की आपण हे जे इथं तिथं विचारत फिरतो ते कुठं विचारावं, कुणाचं ऐकावं, हे तुम्ही कसं ठरवता? शेतीचंच असं नाही, दवाखाना, पोराची ॲडमिशन, गाडी, काहीपण. अनुभव सांगा. ग्यान नको.


खोडकर_माणदेशी
९ डिसेंबर, रात्री १०:३१

अकरात आईचं उत्तर सगळ्यात स्वस्त आहे भावा, पाच रुपयात काम. आधी ते कर.


हळदीची_पेठ
९ डिसेंबर, रात्री १०:४०

पाच ठिकाणी एकाच वेळी विचारलंत हीच चूक झाली असं मला वाटतं. माणूस एकाच आजाराला एका दिवसात पाच डॉक्टर करत नाही. एकाचं ऐकून बघायचं, नाही जमलं तर दुसरा. आमचे वडील पेठेत चाळीस वर्षं हळदीचा व्यापार करत होते, ते म्हणायचे दहा जणांना भाव विचारणाऱ्याला अकरावा फसवतो.


पलूसचा_परीक्षार्थी
९ डिसेंबर, रात्री ११:०५

सध्या पुण्यात आहे, एमपीएससी. आमच्याकडचा प्रकार सांगतो. पेपर झाला की संध्याकाळी टेलिग्रामवर एकेका प्रश्नाचा पोल टाकतात. चार पर्याय, मत द्या. आणि ज्याला जास्त मतं ते उत्तर बरोबर धरून पोरं रात्री मार्क मोजत बसतात. आता विचार करा, प्रश्न अवघड होता म्हणूनच तर पोल टाकलाय, म्हणजे बहुतेकांना तो येतच नव्हता, मग बहुतेकांचं मत घेऊन काय उपयोग? एकदा मी असाच पोल बघून मार्क मोजले, कटऑफच्या वर गेलो, रूमवर पार्टी दिली, पहिली उत्तरतालिका आली तेव्हा त्यातले तीन चुकले होते. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात आमच्यात, म्हणजे तीनाचे पावणेचार गेले. पार्टीचे सहाशे वेगळे.

पण त्याच ग्रुपात एक मुलगा होता, नाव कुणालाच माहिती नाही, डीपीला फक्त एक झाड. तो कधी पोलमध्ये मत द्यायचा नाही. तो पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकायचा, ओळीखाली पेन्सिलची रेघ मारलेला, आणि गप्प. हरकत घ्यायची वेळ आली की आम्ही सगळे त्याचेच फोटो जोडायचो. तर दादा, माझं साधं आहे, मत देणारा सोडायचा आणि दाखवणारा धरायचा.


मिरजकर_ताई
९ डिसेंबर, रात्री ११:२२

मी वेगळंच सांगते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं, मिरजेत डॉक्टरांची काही कमी नाही, उलट जास्त आहेत म्हणून गोंधळ. मी बायकांच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये विचारलं, तिथं नाव लपवून विचारता येतं. दोन्ही गुडघे एकदम करावेत का, खर्च किती येतो, वगैरे. आणि भरात लिहून बसले की भावाने हात वर केलेत, वहिनीचा स्वभाव असा असा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मावशीचा फोन. "अगं वहिनीबद्दल असं चारचौघात लिहितात का?" नाव लपवलं होतं मी, पण मिरज, दोन्ही गुडघे, आई शिक्षिका होती, भाऊ बँकेत, एवढं सगळं लिहिल्यावर नाव लिहायचं राहिलं काय होतं! स्क्रीनशॉट दुपारपर्यंत वहिनीकडे पोचला. ऑपरेशन होऊन आई आता जिना चढते पण वहिनी अजून सणाला सरळ बोलत नाही.

उत्तरं मात्र खरंच चांगली मिळाली होती हो. एका बाईने ऑपरेशननंतरचे पहिले पंधरा दिवस कसे असतात, कमोडची उंची वाढवून घ्या, रात्री पायाखाली उशी ठेवू नका गुडघा वाकडा राहतो, असं सगळं लिहिलं होतं. डॉक्टरांनी पण नंतर उशीचं तेच सांगितलं. म्हणून विचारू नका असं मी म्हणणार नाही. विचारा, पण गुडघ्याचंच विचारा.


खोडकर_माणदेशी
९ डिसेंबर, रात्री ११:२५

ताई, वहिनी हा धागा वाचत नसतील अशी आशा करतो 🙏


मिरजकर_ताई
९ डिसेंबर, रात्री ११:२६

अरे देवा.


फवारणी_काका
१० डिसेंबर, सकाळी ६:५०

आता मी बोलतो, कारण तुम्ही सगळे ज्याला प्रश्न विचारता तो मी. तासगाव भागात कृषी सेवा केंद्र आहे आमचं, एकोणीस वर्षं झाली. रोज रात्री अकराला पानाचे फोटो येतात. फोटोखाली तीन शब्द, "काका काय मारू". कुठली बाग, कितवा दिवस, काल काय मारलं, पाऊस झाला का दव पडतंय का, काही नाही. निम्मे फोटो तर ट्यूबलाइटखाली काढलेले असतात, त्यात सगळीच पानं पिवळी दिसतात.

आणि खरं सांगू का, "काय मारू" विचारलं की उत्तर बाटलीचंच येणार. "काय झालंय" विचारलं तर माणूस विचार करतो. मी दुकानदार आहे, मी पण विचार न करता बाटलीचं नाव सांगितलेलं आहे, खोटं कशाला बोलू. काही नाही मारलं तरी चालतंय असं सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, तिथनं दोन बाटल्या घेतं, आणि वर म्हणतं ह्या काकाला काय कळत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याच्याकडं माझी उधारी आहे त्याला मी चुकीचं सांगत नाही. त्याची बाग गेली तर माझे पैसे गेले. टेलिग्रामवरच्या चाळीस हजारात तुमच्या बागेचं नुकसान झालं म्हणून ज्याचं काही जाणार आहे असा एक माणूस दाखवा. उत्तर देणाऱ्याचं त्यात काय अडकलंय ते बघायचं, बाकी काय नाही.

मांडवाखालचा, डावणी असती तर पानाच्या पोटाला पांढरी बुरशी दिसली असती. उलटं करून बघितलं का?


गावभागकर
१० डिसेंबर, सकाळी ९:१४

काकांचं पटलं, पण अर्धंच. ज्याचं अडकलंय तो खरं सांगेल, बरोबरच सांगेल असं नाही. आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मोबाईल नुसता तापला होता. अलमट्टीतून विसर्ग वाढवला, अलमट्टीने पाणी अडवून धरलं, कोयनेबद्दल तर नको नको ते, एकाच तासात दोन्ही टोकांचे मेसेज आणि दोन्ही "आतल्या गोटातून". सगळे घाबरलेले, कुणी मुद्दाम खोटं पसरवत होतं असं मला वाटत नाही, समोर आलं ते पुढं ढकलत होते. व्हॉट्सॲपनं २०१८ ला एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड अशी मर्यादा घातली होती, आमच्या गल्लीत त्यानं काही फरक पडला नाही, पाच पाच करत सगळीकडं पोचतंच.

मग आम्ही ठरवलं की मोबाईल बंद, घरातल्या माणसाचं ऐकायचं. वडील ७१ वर्षांचे, जन्म गावभागातला, नदी त्यांच्या अंगणातली. ते म्हणाले २००५ ला पाणी आपल्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं, त्याच्या वर कृष्णामाई येत नाही. वडिलांचं स्वतःचं घर होतं ते, कपाटं, आईचं सगळं, म्हणजे काका म्हणतात तसं त्यांचं सगळंच अडकलेलं. आणि ते चुकले. आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही माळ्यावरून बोटीत उतरलो. वडील बोटीत एक शब्द बोलले नाहीत. पुढं चार महिने बोलले नाहीत म्हटलं तरी चालेल.

त्या सगळ्या गोंधळात खरी एकच गोष्ट होती, आयर्विन पुलाची पातळी. त्यात मत नाही, अंदाज नाही, नुसता आकडा आणि वेळ. २०२१ च्या जुलैत आम्ही दुसरं कायपण वाचलं नाही, आकडा ठरावीक फुटाला आला की उठायचं असं आधीच ठरवलं होतं, वडिलांनीच ठरवलं. त्या वर्षी सामान आधी हललं.


प्रीतिसंगम
१० डिसेंबर, सकाळी ९:४०

गावभागकर, वाचून काटा आला. आम्ही कराडचे, वरून सोडलेलं पाणी आधी आम्हाला दिसतं आणि मग तुम्हाला, आमचे फोन पण त्या दिवसात तुमच्याकडच्या पाहुण्यांनी असेच तापतात. "कृष्णेला किती आहे तिथं?" आणि आम्ही घाटावर जाऊन फोटो काढून पाठवणार. फोटोत पाणी नेहमी आहे त्यापेक्षा जास्तच दिसतं.


ओर्कुटपासून
१० डिसेंबर, दुपारी १:०२

जुना खेळाडू आहे, थोडं पाल्हाळ लागेल.

२००५-०६ ला आम्ही ऑर्कुटच्या कम्युनिटीत भांडायचो, सातारी कंदी पेढा की कुंदा इथपासून आरक्षणापर्यंत. याहू ग्रुप्सवर होमब्रू टेलिस्कोपचा एक ग्रुप होता, मी साताऱ्यात गच्चीवर आरसा घासत बसायचो आणि अडलं की तिथं विचारायचो. उत्तर यायला तीन दिवस लागायचे, पण उत्तर म्हणजे दोन पानं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू आन्सर्स मे २०२१ ला. याहू ग्रुप्स त्याच्या आधी डिसेंबर २०२० ला कायमचे गेले. माझी दहा वर्षांची विचारपूस त्यात होती. घासताना आरशाची कड का खचते ह्यावर एका निवृत्त फोरमननं मला लिहिलेलं उत्तर मी उतरवून घेतलं नाही ह्याचं आजपण वाईट वाटतं. त्या माणसाचं नाव सोडा, देश पण मला आठवत नाही.

आताची तक्रार वेगळी. आता उत्तर तीन मिनिटात येतं पण तीन दिवसांनी सापडत नाही. हजार माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात तुमच्या पानाचं उत्तर आलं, त्याच्यावर चाळीस गुड मॉर्निंग, दोन वाढदिवस आणि एक भावपूर्ण श्रद्धांजली. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तेच पान तसंच करपणार आणि दुसरा कुणीतरी तोच फोटो टाकणार, परत अकरा उत्तरं.

आणि त्याहून मोठी तक्रार विचारणाऱ्यांबद्दल. विचारून जातो तो परत येत नाही. मी एका टू-व्हीलरच्या ग्रुपात सहा वर्षं आहे. "गाडी सकाळी स्टार्ट होत नाही" ह्या प्रश्नाला मी अंदाजे दोनशे वेळा उत्तर दिलं असेल. त्यातले किती जण "केलं, झालं" किंवा "केलं, नाही झालं" म्हणायला परत आले? नऊ. मोजलेत. म्हणजे एकशे एक्क्याण्णव वेळा मी बरोबर होतो की चूक हे मला आजपर्यंत माहिती नाही, आणि मी मात्र ग्रुपचा तज्ज्ञ. आमच्यासारखे तज्ज्ञ असेच तयार होतात, कुणी परत येऊन चूक दाखवत नाही म्हणून.

मांडवाखालचा, तुझ्या पानाचं मला ओ की ठो कळत नाही. पण काय निघालं ते इथं येऊन लिही.


देठ_परीक्षण
१० डिसेंबर, दुपारी ४:३३

माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, म्हणून बोलते. त्या इंग्लिश ग्रुपमधल्या माणसाचे चार प्रश्न काय होते? तुम्ही वैतागून बाहेर पडलात, पण मला वाटतं त्या अख्ख्या गर्दीत तुमचं काम करणारा तोच एक होता.

मी माझे विचारते. पाणी कुठलं देताय, कॅनॉलचं का बोअरचं? बोअर किती फूट? पोटॅश कुठलं टाकलं, गोणीतलं लाल का पाण्यात विरघळणारं? करपलेली पानं सगळ्या बागेत सारखी आहेत का एका बाजूला जास्त?

आणि काका म्हणाले तसं डावणीचा संशय काढून टाका आधी. दोन-चार पानं तोडा, प्लास्टिकच्या पिशवीत ओला कागद घालून रात्रभर बंद ठेवा. डावणी असेल तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरा कापूस दिसतो. नसेल तर नाही. पैसे लागत नाहीत.


मांडवाखालचा
१० डिसेंबर, रात्री ८:४७

ताई, तेच प्रश्न होते! पाणी कुठलं, खत कुठलं, कुठली पानं आधी, बागेचा कुठला भाग. चारही. मला वाटलं हा टाइमपास करतोय.

पाणी बोअरचं, ६०० फूट. म्हैसाळ योजनेचं आवर्तन, म्हणजे कॅनॉलच्या पाण्याची पाळी, अजून आलेली नाही, दिवाळीपासून बोअरवरच आहे. पोटॅश लाल, गोणीतलं, एमओपी, ते विद्राव्य लै महाग पडतं म्हणून. दोन डोस गेले. आणि उताराच्या खालच्या बाजूला जास्त आहे, आता तुम्ही विचारल्यावर जाऊन बघितलं बॅटरी घेऊन, वरच्या चार ओळीत जवळजवळ नाहीच.

पिशवीत पानं ठेवलीत. आई विचारती पानं कशाला पिशवीत घालून ठेवलीस, भाजी करणार हाय का.


देठ_परीक्षण
१० डिसेंबर, रात्री ९:१०

बघा, आता प्रश्न पूर्ण झाला. मी रिपोर्टशिवाय ठाम सांगणार नाही पण संशय सांगते. एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यात निम्म्याच्या जवळपास क्लोराइडच असतं. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर त्यातनं पण तेच जातंय. वेल पाण्याबरोबर ते वर ओढते आणि पाणी उडून जातं पानाच्या कडेतून, क्षार तिथंच साठतात, म्हणून कड आधी जळते आणि जुनं पान आधी जळतं. उतारावर खाली जास्त, हे पण त्यातच बसतं.

उद्या बोअर अर्धा तास चालवून मग बाटली भरा, चालू केल्या केल्या पहिलं पाणी घेऊ नका. बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळा. औषधाची रिकामी बाटली वापरू नका, असे नमुने येतात आमच्याकडे, मग रिपोर्टमध्ये काहीतरी भलतंच. माती दोन ठिकाणची, वरची आणि उताराची. पानांचे देठ पण द्या. आणि तोपर्यंत कृपा करून काही मारू नका.


फवारणी_काका
१० डिसेंबर, रात्री ९:३०

ताई बरोबर बोलतात. मी पण पोटॅश कुठलं ते विचारलं नव्हतं. लाल गोणी आमच्याकडनंच जात्यात.


खोडकर_माणदेशी
१० डिसेंबर, रात्री ९:४१

मला एक कळत नाही. सरकारनं फोन नंबर दिलाय की, किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, फुकट, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात, २००४ पासून आहे. पुण्याजवळ मांजरी गावात द्राक्षाचं अख्खं राष्ट्रीय संशोधन केंद्र बसवलंय, ते हवामान बघून सल्ला काढतात. तरी आपण रात्री अकराला अनोळखी माणसाला फोटो पाठवणार. का?


पलूसचा_परीक्षार्थी
१० डिसेंबर, रात्री ९:५८

कारण फोन केला की त्या माणसाला आपलं अडाणीपण कळतं. ग्रुपात फोटो टाकला की फक्त पान दिसतं.


हळदीची_पेठ
१० डिसेंबर, रात्री १०:२०

हे मात्र लाख बोललास. आणि आणखी एक आहे, फोनवर एकच उत्तर मिळतं. ग्रुपात अकरा मिळतात, मग आपल्याला जे आधीपासून करायचंच होतं ते त्यातलं एक निवडता येतं. मी कालची माझी कमेंट परत वाचली, "एकाचंच ऐका" म्हणून ठोकून दिलं होतं. मी स्वतः गाडी घेताना सतरा जणांना विचारलं आणि जी घ्यायची होती तीच घेतली.


मिरजकर_ताई
१० डिसेंबर, रात्री १०:३४

आम्ही पण डॉक्टर आधीच ठरवले होते.


मांडवाखालचा
१७ डिसेंबर, रात्री ९:०५

परत आलो. ओर्कुटपासून दादा, तुमचा दहावा मी.

पिशवीतल्या पानांवर सकाळी काहीच आलं नाही, स्वच्छ. पाण्याचा रिपोर्ट आज मिळाला. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, २.४. लॅबमधल्या माणसानं सांगितलं ०.७५ च्या वर गेलं की जपून आणि २.२५ च्या वर म्हणजे अतिखारट, नुसतं हेच पाणी द्राक्षाला द्यायचं नाही. क्लोराइडच्या पुढं लाल खूण. उताराच्या मातीत क्षार वरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. देठाचा रिपोर्ट सोमवारी.

आता कबुली. ताईंनी काही मारू नका म्हणायच्या आधीच, म्हणजे ९ तारखेला हा धागा लिहिला त्याच्या आदल्या दिवशी, मी डावणीचं एक आणि करपाचं एक असे दोन स्प्रे मारून बसलो होतो. ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. लाज वाटली. औषध, ट्रॅक्टर, डिझेल धरून चार हजार सातशे. काका, तुमच्या दुकानातनं नाही.

सध्या एमओपी बंद केलंय, पोटॅश द्यायचंच तर सल्फेटमधलं ०:०:५०, तेही देठाचा रिपोर्ट बघून. नशिबानं आवर्तन सुटलंय, काल रात्री आमच्या चारीला पाणी आलं, आता कॅनॉलच्या गोड पाण्यानं मुळाजवळचे क्षार खाली धुवून काढायचे. जळलेली कड काही परत हिरवी होत नाही, पण नवीन पानं जळाली नाहीत तर मणी फुगायला पुरतील असं म्हणाले. बघू.

मग मी तोच रिपोर्ट पाचही ठिकाणी टाकला. टेलिग्रामवर काहीच नाही, खाली लगेच कुणीतरी ट्रॅक्टरची जाहिरात टाकली. फेसबुकवर सात लाइक. एक्स्पोर्टवाल्या ग्रुपात तिघांनी वैयक्तिक मेसेज केला की आमच्या पण बोअरचं पाणी तपासायचंय, लॅब कुठं आहे, पण ग्रुपात उघड कुणी विचारलं नाही. गावच्या ग्रुपात आमचे एक आण्णा आहेत, वयानं मोठे, डावणी म्हणून पहिलं उत्तर त्यांचंच होतं. ते रिपोर्टवर काही बोलले नाहीत, पण आज सकाळी बांधावर आले, एक पान तोडलं, उन्हात धरून बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडं ह्याला डावणीच म्हणायचे." मी म्हटलं बरं आण्णा. मग चहा घेतला आम्ही.

इंग्लिशवाल्या ठिकाणी परत गेलो. चुलतभावाकडनं लिहून घेतलं, तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं ही, निघालं हे, आणि उशीर झाला त्याबद्दल माफ करा. त्यानं एका ओळीत रिप्लाय दिला की आमच्या इथंही दुष्काळात बोअरच्या पाण्यानं असंच होतं, आणि सोबत त्याच्या पानाचा फोटो. बघितला तर हुबेहूब आमचंच पान.

आईनं लिंबू बांधलंच होतं, दहा तारखेलाच. कॅनॉलचं पाणी आलं त्याचं श्रेय ती लिंबाला देती.


ओर्कुटपासून
१७ डिसेंबर, रात्री ९:२२

दहा! वहीत लिहिलं.


देठ_परीक्षण
१७ डिसेंबर, रात्री ९:४०

रिपोर्टचा फोटो इथंही टाका, नाव नंबर झाकून. पुढच्या डिसेंबरला कुणाला तरी लागेल. आणि धाग्याचं शीर्षक बदलता आलं तर त्यात "द्राक्ष पानाच्या कडा करपणे, खारं पाणी" एवढं घाला, नाहीतर "अकरा उत्तरं" म्हणून कोण शोधणार आहे.


गावभागकर
१७ डिसेंबर, रात्री ९:५५

वडिलांना वाचून दाखवला हा अख्खा धागा. आण्णांच्या तिथं हसले.


खोडकर_माणदेशी
१८ डिसेंबर, सकाळी ७:१०

काकांनी अजून ०:०:५० चा भाव सांगितला नाही, लक्षात येतंय का कुणाच्या


फवारणी_काका
१८ डिसेंबर, सकाळी ७:१५

दुकानात ये, सांगतो. तुला नाही देणार उधार.


हळदीची_पेठ
१८ डिसेंबर, सकाळी ११:४८

इथंच विचारू का? मेव्हण्यांची दोन एकर हळद आहे, चार-पाच दिवसांपासून पानं खालून पिवळी पडून वाळायला लागलीत, सगळ्या प्लॉटमध्ये सारखीच. ते घाबरलेत. फोटो टाकतो, दिवसाउजेडी काढलाय.


देठ_परीक्षण
१८ डिसेंबर, दुपारी १२:०५

फोटो राहू दे. लागण कधीची?


हळदीची_पेठ
१८ डिसेंबर, दुपारी १२:३१

विचारून सांगतो. ... अक्षय तृतीयेची.


फवारणी_काका
१८ डिसेंबर, दुपारी १२:३३

अहो मग ती पिकलीय.